मैदाने मोजणारी माणसे

नालासोपाऱ्याच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. ते एका कारखान्यात पाळीवर काम करतात. मुलगा अकरावीला आहे. ते लिहितात, ‘पोराने वहीत इंग्लंडमधल्या ब्याण्णव फुटबॉल क्लबांची, त्यांच्या गावांची आणि मैदानांची नावे उतरवून काढली आहेत. भिंतीवर नकाशा लावला आहे. म्हणतो, एक दिवस ही सगळी मैदाने बघून येणार. आम्हाला सकाळच्या गाडीत अंधेरीपर्यंत पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि हा इंग्लंड पालथे घालायला निघाला! याला समजवावे, की सोडून द्यावे?’

असे प्रश्न आता घरोघरी आहेत. वसईपासून विरारपर्यंत कुठल्याही गल्लीत पाहा, दहा पोरांत चारांच्या अंगावर मँचेस्टर, चेल्सी किंवा आर्सेनलचा शर्ट दिसतो. आई-वडिलांना वाटते, हे टीव्हीचे खूळ आहे. आम्हाला तसे वाटत नाही. या वेडामागे कष्टकऱ्यांचा मोठा इतिहास आहे, आणि तो कळला तर हेच वेड आपल्या वस्तीच्या कामी येईल.

आधी ब्याण्णव हा आकडा कुठून आला ते पाहू. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, वीस क्लब. खालच्या तीन पायऱ्यांवर प्रत्येकी चोवीस. बेरीज करा, ब्याण्णव होतात. १९५० सालापासून हा आकडा बहुतेक टिकून आहे. या ब्याण्णवही क्लबांच्या मैदानांवर जाऊन सामना पाहायचा, असा संकल्प तिकडचे हजारो शौकीन करतात. ज्यांचा तो पुरा झाला त्यांच्यासाठी १९७८ साली एक मंडळच निघाले. त्याचे नावही ‘नाइन्टी-टू क्लब’. दंडक साधा आहे. मैदान बाहेरून पाहून, फाटकापाशी फोटो काढून चालत नाही. तिथे बसून सामना पाहिलेला असला पाहिजे.

ऐकायला सोपे वाटते, पण हा संकल्प कधीच कायमचा पुरा होत नाही. दरवर्षी तळाचे क्लब खाली घसरतात आणि त्यांच्या जागी नवे वर येतात. एखादा क्लब जुने मैदान सोडून नवे बांधतो, की यादीतली त्याची खूण पुसली जाते आणि पुन्हा जावे लागते. ईशान्येला न्यूकॅसल, नैऋत्येला प्लिमथ, दोघांमध्ये सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर. पावसाने सामना रद्द झाला तर गेलेला दिवस आणि भाडे दोन्ही वाया. कित्येकांना ही यादी पुरी करायला निम्मे आयुष्य लागते.

ही माणसे कोण? सगळी गर्भश्रीमंत असतील असे समजू नका. हा खेळ तिथे वाढला तो कामगारांच्या सुट्टीवर. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांचे आणि अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. हळूहळू इतर धंद्यांतल्या पुरुषांच्या पदरातही शनिवारची अर्धी सुट्टी पडली. दोनला भोंगा वाजला, की कामगार मोकळा. म्हणूनच इंग्लंडमध्ये सामना शनिवारी दुपारी तीनला सुरू होण्याची रीत पडली. ती अजून चालू आहे. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. त्यात एक गंमत आहे. मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून शनिवारी त्या वेळेत इंग्लंडमध्ये सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. म्हणजे नालासोपाऱ्यातले पोर घरबसल्या जो सामना पाहते, तो मैदानाशेजारी राहणाऱ्या इंग्रजाला घरात पाहता येत नाही!

आज ज्या क्लबांचे शर्ट शे-दोनशे रुपयांत फुटपाथवर मिळतात, त्यांचे मूळही कारखान्यात आहे. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने सुरू केला. आर्सेनल १८८६ साली लंडनच्या वुलिच इथल्या तोफखान्याच्या कामगारांनी काढला, त्यांच्या निशाणीवर आजही तोफ आहे. वेस्ट हॅमचा जन्म १८९५ साली थेम्स नदीकाठच्या जहाजांच्या कारखान्यात झाला, त्यांच्या निशाणीवर दोन हातोडे आहेत. लोको वर्कशॉपमध्ये ज्यांच्या आज्या-बापांनी हयात घालवली, त्या आपल्या वाचकांना हे परके वाटू नये.

आणि आपली रविवारची सुट्टी? तीही कुणी दान दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. तिकडच्या कामगाराने सुट्टी मिळवली आणि ती मैदानावर नेली. आपण मिळवलेल्या रविवारचे काय करतो, हा विचार प्रत्येकाने करावा.

हे लोक मैदानावर जाऊन नुसता खेळ पाहत नाहीत. गाव पाहतात, माणसे पाहतात. लंडनजवळ ल्यूटन नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या मैदानाच्या एका बाजूला जायचे तर घरांच्या रांगेतल्या दारातून शिरावे लागते. जिना चढताना खाली लोकांची परसे दिसतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. आपल्या चाळींचीच आठवण यावी. नॉटिंगहॅममध्ये दोन क्लबांची मैदाने एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. लिव्हरपूलमध्ये दोन मोठ्या क्लबांच्या मैदानांमध्ये शंभराहून अधिक वर्षे फक्त एक बाग होती. २०२५ साली एव्हर्टनचा पुरुषांचा संघ गोदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेला आणि जुने गुडिसन पार्क महिलांच्या संघाला मिळाले. ग्रिम्सबीचे मैदान तर ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्स गावात आहे. भूगोलाचे असे धडे शाळेच्या पुस्तकात मिळत नाहीत.

पण मैदानांचा इतिहास गमतीचाच आहे असे नाही. त्यात रक्तही सांडले आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. उभ्याने सामना पाहण्याच्या जागेला लोखंडी जाळ्यांचे कोंडवाडे होते. आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत आणखी गर्दी सोडली गेली. पुढची माणसे जाळीवर चिरडली. ९७ जणांचे प्राण गेले. पोलिसांनी दोष कुणावर टाकला? मेलेल्यांवर. दारू पिऊन आलेले बेशिस्त लोक म्हणून त्यांची बदनामी केली, वृत्तपत्रांनी ती छापली. त्या घरांतल्या आई-बापांनी, बहीण-भावांनी हार मानली नाही. तब्बल सत्तावीस वर्षे ते लढले. २०१६ साली ज्युरीने निकाल दिला, की प्रेक्षकांचा काहीही दोष नव्हता, हे मृत्यू बेकायदेशीर होते, पोलिसांची चूक होती.

हे वाचून आपल्याला परळ आठवल्याशिवाय राहत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून जास्त माणसे कामावर जाता जाता मेली. गर्दीला नावे ठेवणारे सगळीकडे असतात. गर्दी होते कारण जागा दिलेली नसते, हे सांगायला मात्र गर्दीतल्याच माणसाला उभे राहावे लागते. हिल्सबरोच्या आई-बापांनी तेच केले.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या फार उपयोगाची आहे. लंडनमध्ये विंबल्डन नावाचा फुटबॉल क्लब होता. मालकांनी ठरवले, की क्लब उचलून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात न्यायचा. २००२ साली त्याला परवानगीही मिळाली. प्रेक्षकांना कुणी विचारले नाही. तेव्हा त्या प्रेक्षकांनी वर्गणी काढली, एका सार्वजनिक पटांगणावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि आपला स्वतःचा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. अगदी तळाच्या लीगमधून सुरुवात केली. नऊ वर्षांत, २०११ साली, तो क्लब ब्याण्णवांच्या यादीत आला. २०२० मध्ये जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचे नवे मैदान उभे राहिले. तो क्लब आजही प्रेक्षकांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे. उलट १८८५ साली स्थापन झालेल्या बरी या क्लबला कर्जापायी २०१९ साली लीगमधून काढून टाकले. मैदानाला टाळे लागले. चार वर्षांनी, २०२३ साली, गावच्या लोकांच्या प्रयत्नांनी तिथे पुन्हा सामने सुरू झाले. मैदाने मोजणाऱ्यांच्या वहीत या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. मैदान हे वीट-सिमेंटने टिकत नाही, नेमाने येणाऱ्या माणसांनी टिकते.

आता आपल्या माणसांकडे वळू. इंग्लंडची मैदाने पाहण्याचे स्वप्न आपल्यातल्या कुणी आजच पाहिले असे नाही. खेळ वेगळा होता, क्रिकेटचा, पण १९११ साली पाळवणकर बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. लॉर्ड्सपासून लेस्टर, टाँटनपर्यंत मैदानामागून मैदान हा संघ खेळत गेला. लेस्टरशायर आणि सॉमरसेट या संघांना त्यांनी त्यांच्याच मैदानावर हरवले, आणि बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हेच बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याचे काम करीत. हिंदूंच्या संघात त्यांना घेतले ते त्यांची डावखुरी गोलंदाजी लागत होती म्हणून. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. चेंडू चालत होता, कप चालत नव्हता. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले, तेही सहजासहजी नव्हे. बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हे वाचकांना ठाऊक आहे. तो हिशेब राजकारणाचा. मैदानाचे फाटक त्यांनी आपल्या हिमतीवर उघडले, हा हिशेबही आपण विसरता कामा नये.

मैदानात कोण शिरू शकतो आणि कोण कुंपणाबाहेर उभा राहतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. म्हणूनच आमच्या पोरांनी मैदाने मोजावीत असे आम्हाला वाटते. फक्त सुरुवात घरापासून करावी.

विरार-चर्चगेट हा रेल्वेमार्ग काही लहान नाही. १८६७ साली विरारहून मुंबईला दिवसाला एकच गाडी जात असे. आज त्याच मार्गावर, त्याच पासावर, फुटबॉलची चार मैदाने पाहता येतात. अंधेरीला शहाजीराजे क्रीडा संकुलातले मुंबई फुटबॉल अरेना, जिथे आयएसएलचे मोठे सामने झाले. वांद्र्याला नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचे मैदान. हे नेव्हिल डिसोझा मुंबईचे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात तीन गोल केले आणि भारत चौथा आला. प्रभादेवीला उतरून परळच्या बाजूला गेले, की सेंट झेवियर्स मैदान. इथे मुंबईच्या जिल्हा लीगचे सामने होत आले आहेत. आणि चर्चगेटला उतरून चालत जाण्यासारखे कूपरेज. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे नाव कूपरेजशी जोडलेले आहे. सुरुवातीला हा चषक गोऱ्या पलटणींच्या ताब्यात असे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला.

पुढची यादी सणासुदीला, लग्नकार्याला, यात्रेला जाताना पुरी करावी. हार्बर लाइनने नेरूळला गेले तर डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तिथे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरवले. जगाच्या मुली आपल्या नेरूळला येऊन खेळून गेल्या, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगा.

कोल्हापूरला गेलात तर शाहू स्टेडियम चुकवू नका. महाराष्ट्रात फुटबॉलसाठी जीव टाकणारे शहर कुठले, तर कोल्हापूर. संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा स्टेडियमवर लोटतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. आणि तिथून माणगावही लांब नाही, जिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचा नेता म्हणून पुढे केले. एका प्रवासात दोन्ही होईल.

दीक्षाभूमीला जाणारे आपण नागपूरला वर्षानुवर्षे जातो. त्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली, त्यांच्या हाती फुटबॉल दिला आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातली मुले पुढे देशाबाहेर खेळून आली. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला. त्या पोरांना अडवणारी भिंत ज्यांनी पडद्यावर पाहिली असेल, त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे? आणि दिल्लीला गेलात तर दिल्ली गेटजवळ फुटबॉलचे एक जुने स्टेडियम आहे. ड्युरँड चषकाचे सामने तिथे वर्षानुवर्षे झाले. त्याचे नाव डॉ. आंबेडकर स्टेडियम. आपल्या यादीत ते नसेल तर यादी अपुरीच.

बंधू-भगिनींनो, सगळ्यात महत्त्वाचे मैदान मात्र आपल्या उंबऱ्याजवळचे. वसईत चिमाजी अप्पा मैदान आहे. दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव तिथे भरतो आणि हजारो मुले खेळतात. पण नालासोपारा पूर्वेला, विरारच्या डोंगराकडच्या वस्त्यांत, जिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, तिथले पोर कुठे खेळते? दोन रिक्षांच्या मधल्या जागेत. विरारचा पृथ्वी शॉ लहानपणी क्रिकेटच्या सरावाला लोकलने वांद्र्यापर्यंत जात असे, हे आपण कौतुकाने सांगतो. कौतुक त्याचे आहेच. पण मुलाला मैदानासाठी एवढ्या लांब जावे लागणे, हे काही शहराचे भूषण नाही. ज्याच्या बापाला रोज सुट्टी काढता येत नाही, त्या मुलाने काय करावे?

म्हणून आमची सूचना अशी. घरात मैदाने मोजणारे पोर असेल तर त्याची वही फाडू नका. तिची पहिली चार पाने आपल्या भागासाठी राखून ठेवायला सांगा. महिन्याचा एक रविवार ठरवा. डबा घ्या, पाण्याची बाटली घ्या, मुलाबरोबर मुलीलाही घ्या, आणि एक मैदान पाहून या. सामना चालू असेल तर पूर्ण पाहा. मग वहीत लिहा : मैदान कुणाच्या मालकीचे, फाटक किती वाजता उघडते, नळाला पाणी आहे का, मुलींसाठी संडास आहे का, दिवे आहेत का, लग्नाच्या मांडवाला आणि सभांना किती दिवस दिले जाते, खेळाला किती. आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण कुठल्या जागेवर आहे आणि त्या जागेवर आज काय उभे आहे, हे प्रभाग समितीच्या कार्यालयात विचारा. तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. अकरावीच्या मुलाला तो अर्ज लिहिता येतो. त्याला लिहू द्या.

अशा वीस वह्या एका वस्तीत झाल्या, तर ती फक्त फुटबॉलची यादी राहणार नाही. कुठली जागा आपली होती, कुठली अजून आहे आणि कुठली जाऊ द्यायची नाही, याची ती नोंद होईल. रिकाम्या मैदानावर आज ना उद्या कुणाचा तरी फलक लागतो. जिथे दर रविवारी पन्नास पोरे आणि त्यांचे आई-बाप येऊन बसतात, तिथे फलक लावायला येणारा माणूस दोनदा विचार करतो.

इंग्लंड कुठे पळून जात नाही. मुलगा शिकला, नोकरीला लागला, तर जाईलही. तोवर येत्या रविवारी अंधेरी, नाहीतर वांद्रे. पास तर काढलेलाच आहे.